पाणी लागलं नाही म्हणाल्या

मी फळी बोलतेय. अस्सल सागवानी, चार हात लांब, दीड वीत रुंद. आता तेवढी उरलेली नाही, पण ते पुढे सांगेन. आमच्या धारवाडात लाकडाला कन्नडमध्ये 'मर' म्हणतात. 'मर तगोंड बा' म्हणजे लाकूड घेऊन ये. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्या शब्दानं माझं वाटोळं केलं तो साधा 'नाही' होता, आणि तो एका सोवळ्यातल्या बाईनं उच्चारला.

माझा जन्म अळणावरच्या रानातला. तिथल्या पुंडलिक सुतारानं मला कापून घेतलं आणि दोन उन्हाळे छपराखाली आडवं ठेवलं, वारं खेळतं राहावं म्हणून खाली काड्या घालून. गिऱ्हाईक घाई करी. पुंडलिक हलायचा नाही. म्हणायचा, "वाळू द्या हो. ओलं लाकूड आज हसतंय आणि उद्या फसवतंय." हात मात्र मऊ होता त्याचा. रंधा मारून झाला की माझ्या अंगावरून असा तळवा फिरवी, की मला माझाच हेवा वाटे.

सदतीस साली राघवेंद्रराव वकिलांनी मळमड्डीत घर बांधलं. सगळी गल्ली दगडमातीची, पण ह्यांनी स्वयंपाकघराची एक भिंत हौसेनं सिमेंट काँक्रीटची करवली. लोक यायचे, थोपटून बघायचे, मान हलवून जायचे. मातीच्या भिंतीत खुंटी ठोकली की काम भागतं. इथं खुंटीच वाकायची. या भिंतीवर फळी बसवायची कशी, कुणाला ठाऊक नव्हतं. पुंडलिकालाही नव्हतं.

तीन दिवस तो भिंतीसमोर बिड्या ओढत बसला. मग त्यानं छिन्नीनं चार भोकं पाडली आणि माझ्याच टोकाचा तुकडा कापून चार गट्टू, म्हणजे लाकडी ठोकळे, तासले. ते भोकात घट्ट ठोकायचे, त्यांच्यात स्क्रू पिळून लोखंडी ब्रॅकेट बसवायचे, आणि ब्रॅकेटवर मी. वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, "पुंडलिक, हे नीट बसलं की शेजारच्या दोन्ही नव्या घरांची दारं-खिडक्या तुझ्याकडे. मी शब्द टाकतो." त्या दिवशी पुंडलिक माझ्याशीच बोलत होता. कौसल्येला, म्हणजे बायकोला, अळणावरहून आणायचं, इथंच बिऱ्हाड करायचं, असं त्याचं चाललं होतं.

घरात कृष्णाबाई होत्या. वकीलसाहेबांची थोरली विधवा बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणत. भावाला त्यांनीच वाढवलेला. आता भाऊ सुधारला होता. त्यानं सरळ सांगून टाकलं होतं, "अक्का, या घरात सिमेंटची भिंत आणि तुझं सोवळं दोन्ही नांदायचं नाही." अक्कांनी वरवर मान डोलावली. पण माझ्यावर त्यांच्या वर्षाच्या लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या, आणि गट्टू सुताराच्या हातचे होते. मला मागाहूनही धुता आलं असतं, पण भिंतीत गेलेल्या गट्टूंचा विटाळ कसा धुणार?

पुंडलिक गट्टू टोपलीत ठेवून मुक्कामाला गेला. वकीलसाहेब कोर्टातून यायचे होते. अक्कांनी चौकटीतून इकडेतिकडे बघितलं, चारी गट्टू घंगाळातल्या पाण्यात बुडवले आणि ते तरंगू नयेत म्हणून वर तांब्या पालथा घातला. सकाळपर्यंत ते तसेच बुडून होते. मी कोपऱ्यात टेकून सगळं बघत होते. माझ्याच पोटचे ते. फुगत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. सकाळी अक्कांनी ते तुळशीपाशी उन्हात टाकले, वरून कोरडे करून टोपलीत परत ठेवले.

पुंडलिकानं गट्टू तळहातावर घेतला, वर-खाली केला.

"अक्का, जड लागायलाय. पाणी लागलं का हो याला?"

"नाही की रे. पाणी कशाला लागतंय?"

"न्हाई, ओलं असलं तर मागनं आकसतंय, म्हणून इचारलं."

"नाही म्हटलं की एकदा!"

तो लाजला. सोवळ्यातली बाई, देवासमोर रोज दोन तास बसणारी, ती खोटं कशाला बोलेल? त्यानं गट्टू ठोकले. काय झकास बसले! मी भिंतीला अशी चिकटले, की वकीलसाहेब स्वतः मला लोंबकळून बघायला निघाले होते.

वैशाखात गट्टू वाळले आणि आकसले. ताज्या लोणच्यानं भरलेल्या चार बरण्या घेऊन मी भर दुपारी खाली आले. घरभर मोहरी आणि तेल. वकीलसाहेबांनी बोटानंच गट्टू उपसून काढले आणि पुंडलिकाला बोलावणं धाडलं.

"ओलं लाकूड घातलंस."

"साहेब, दोन उन्हाळे वाळवलेलं..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं अक्कांकडे बघितलं. "अक्का, तुमीच सांगा. मी इचारलं होतं का न्हाई?"

अक्का खाली बसून काचा वेचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला काय कळतंय बाबा लाकडातलं."

पुंडलिकाची नजर अक्कांच्या सोवळ्यावर गेली. त्याला सगळं कळलं होतं. पाणी का लागलं तेही. माझा तर जीव जळत होता. त्यानं चारी गट्टू रुमालात बांधले आणि निघाला. शेजारच्या घरांची दारं-खिडक्या हुबळीच्या सुतारानं केली. मळमड्डीत अजून कुणी कच्चं काम केलं की 'पुंडलिकाची फळी' म्हणतात. नाव माझंच, आणि शिवीही माझीच.

त्याच नव्या सुतारानं मला कापून पाट केला. रोज सकाळी अक्का मला खळखळून धुतात, माझ्यावर बसतात, आणि हल्ली पूजा झाली तरी उठत नाहीत. देवापुढे डोळे मिटून पुटपुटतात, "मीच भिजवले होते रे. चुकले. क्षमा कर."

अक्का, देवाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही ते वकीलसाहेब दहा पावलांवर, बाहेरच्या खोलीत कागद चाळत बसलेत. माझ्या अंगावर पाणी ओतून काही धुतलं जायचं नाही. उठा. माझ्यावरून उठा, आणि त्यांना जाऊन सांगा.