मंगळवारचं मशीन

रंगकामाचे अंदाज काढणं हा माझा धंदा. टेप घेऊन लोकांच्या घरात शिरायचं, भिंती मोजायच्या, दारं-खिडक्या वजा करायच्या आणि रंग किती लिटर, भिंतीच्या भेगा भरायची लांबी किती किलो, मजुरी किती दिवसांची ते कागदावर मांडायचं. तीस वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकलो: गिऱ्हाईक आकडा कापल्याशिवाय राहत नाही. तुम्ही भोळेपणानं खरा आकडा सांगितलात तर तो त्यातूनही कापणार, आणि पाय येणार तो तुमच्या मजुरांच्या पोटावर. म्हणून रंगाच्या दोन हातांत भागत असेल तिथे मी तीन हात लिहितो, आठ दिवसांचं काम अकरा दिवसांचं सांगतो. खरा आकडा वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला असतो. याला कुणी खोटेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. मी याला हातचं राखून बोलणं म्हणतो.

ही खोड घरातही शिरली. बायकोनं मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं. पाचला निघायचंय म्हणून मी घर डोक्यावर घ्यायचो आणि ती साडेपाचला शांतपणे केस विंचरायला बसायची. गाडी कधीच चुकली नाही, कारण गाडी साडेसहाची असायची. मुलगीही आईच्याच वळणावर गेली. लहानपणी तिचा ताप मोजून मी एकशे तीन म्हणालो की अंथरुणातूनच ओरडायची, "आई, म्हणजे शंभर!" मग दोघी मिळून माझ्यावर हसायच्या. मलाही ते आवडायचं, उगाच कशाला नाही म्हणू?

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास डायलिसिस. मशीनला जोडलेली ती छताकडे बघत पडून राहायची आणि मी बाजूच्या स्टुलावर. त्या छताचा रंग कुणी लावला होता देव जाणे, दर हातभर अंतरावर ब्रशचे ओरखडे. एका शनिवारी ती छताकडे बघतच म्हणाली, "मला एकदा समुद्र बघायचाय. गरम वाळू, नारळाची झाडं, सगळं. टीव्हीतला नको."

आयुष्यात या बाईनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "न्या की. शनिवारचं करून रविवारी निघा. पण मंगळवारचं तिथे झालंच पाहिजे. तीन दिवसांच्या वर एक दिवससुद्धा नको, त्यांचं हृदय आधीच दमलंय." मी बाहेर आलो आणि तिला जसंच्या तसं सांगितलं, तीन दिवस. आयुष्यात पहिल्यांदा पदरचं काही घातलं नाही. हे आज खात्रीनं सांगतोय, कारण नंतर डॉक्टरांना विचारून घेतलं.

मग खर्चाचा अंदाज काढायला बसलो. मुलगी परगावी शाळेत शिकवते, तिनं फोनवरून स्वस्तातली विमानं शोधून दिली. रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री आणि बुधवारी संध्याकाळी परत. टॅक्सी, खोली, जेवण, औषधं, तिला उन्हात बसायला मोठी छत्री, सगळं ओळीनं लिहिलं आणि सवयीप्रमाणे प्रत्येक ओळीत थोडं थोडं घातलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, मंगळवारचं मशीन, नऊ हजार. समुद्राकाठच्या त्या गावात एकच केंद्र होतं आणि पर्यटकांना ते दुप्पट दर लावत होते. त्या ओळीत मी एक पैसाही वाढवला नव्हता.

कागद तिच्यापुढे ठेवला. आमच्याकडे रीतच आहे, अंदाज माझा आणि तिजोरी तिची. पैसे भरायचे ते तिनंच.

"टॅक्सीला एवढे? चंद्रावर चाललोय का आपण?" तिनं पेन उघडलं. "आणि जेवणाचं हे काय? माझं पाणीसुद्धा मोजून, आणि तुम्ही माझ्या वाटचं जेवणार वाटतं?"

"लिही तुला काय लिहायचं ते."

ती कापत गेली आणि मी लटकंच चडफडत राहिलो. किती दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं.

"ते कापायचं नाही हं," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हणाले?" असं म्हणून तिनं कागद घडी करून ठेवून दिला.

रविवारी दुपारी हॉटेलात पोचलो आणि मी चाटच पडलो. आम्ही मागच्या अंगाची खोली ठरवली होती, आणि ही खोली थेट समुद्रावर उघडत होती. दार लोटलं की गच्ची, गच्चीखाली वाळू, वाळूपुढे निळंशार पाणी. "ही कशी मिळाली?" मी विचारलं. "मिळाली," ती म्हणाली. गर्दीचे दिवस नव्हते, हॉटेलवाल्यानं बदलून दिली असेल, असं मी धरून चाललो. दुसऱ्याच्या घरात ओलीचा डागसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि इथे मी खोलीचं बिलही मागितलं नाही.

सोमवार आमचा होता. ती पाण्यात पाय सोडून बसली, साडीचा काठ भिजवून घेतला, एका कुत्र्याशी गप्पा मारल्या. शहाळंवाला आला तेव्हा मी बजावलं, "एक घोटसुद्धा नाही, त्यातलं पोटॅशियम तुला विष आहे." तिनं अर्धं शहाळं पिऊन माझ्या हातात दिलं आणि लहान मुलीसारखी हसली. मी रागावलो, पण फार नाही. मला वाटलं, उद्या मशीन आहे, निघून जाईल सगळं.

मंगळवारी सकाळी फाइल, चादर, औषधं पिशवीत भरून मी दारात उभा राहिलो. ती गच्चीवरच्या खुर्चीतून हलेना.

"अगं, नऊची वेळ आहे."

"नाहीये वेळ. मी ते रद्द केलंय, मागच्याच आठवड्यात." तिनं समुद्राकडे बोट दाखवलं. "ही खोली रात्रीला तीन हजारांनी महाग होती. तीन रात्रींचे नऊ हजार. बरोबर बसलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. "वेड लागलंय का तुला? तीन दिवसांच्या वर चालत नाही, सांगितलं होतं ना मी?"

"तुमचे तीन म्हणजे पाच," ती म्हणाली. "शनिवार ते मंगळवार तीन दिवस दर आठवड्याला जातातच की. गुरुवारी घरी जाऊन करूच. अहो, बसा जरा. इथून बघा ना."

मी पुन्हा ओरडणार तेवढ्यात शंका आली. डॉक्टर नक्की काय म्हणाले होते? तीन, की चार? मी तिला तीन सांगितलं हे आठवत होतं. पण मी कधी खरा आकडा सांगतो? तीस वर्षं प्रत्येक आकड्याला हात लावलेला माणूस मी, आणि हा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला नव्हता. कदाचित ते चार म्हणाले असतील आणि मीच सवयीनं एक खाल्ला असेल.

आमच्या डॉक्टरांच्या केंद्राला फोन लावला, कुणी उचलला नाही. मग इथल्या केंद्राला लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आजचं मशीन दुसऱ्यांना दिलं. उद्या दोन वाजता या. मध्ये दम लागला तर मात्र सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या." तिला दम लागला नव्हता. मोठ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर दाखल करून घेतलं असतं, आणि त्याचा आकडा मी उभ्या उभ्या मनात काढला, तोही वाढवून. मग उद्या दोनची वेळ घेतली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. मीच बसलो. मला कुणी बसवलं नाही.

बुधवारी सकाळी सातला ती बसून श्वास घेत होती, आडवं होता येत नव्हतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. टॅक्सीत तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली. "चुकलं का हो माझं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही. माझं चुकलं." बाकी सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती, आणि त्या रस्त्यावरून समुद्र दिसत नव्हता.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मशीन लावलं होतं, पण हृदयानं साथ सोडली होती, दोनदा थांबल्यावर पुन्हा चालू केलं होतं. "जवळचं कुणी असेल तर बोलावून घ्या," त्या म्हणाल्या.

मी मुलीला फोन लावला. शाळा सुरू व्हायची होती, मागे पोरांचा गोंगाट.

"आईचं कठीण आहे. अकराचं विमान घे."

"काय झालं?" मी सांगितलं. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही शांत व्हा. अकराचं तिप्पट महाग आहे. मी सुट्टी टाकून संध्याकाळच्या विमानानं निघते. तुम्ही घाबरलात की जरा जास्तच सांगता, तुम्हालाही माहितीये."

"नाही गं, खरंच सांगतोय."

"लहानपणी माझ्या तापाच्या वेळीही हेच म्हणायचात."

तिचं काय चुकलं? माझ्याच घरात वाढलेली पोर ती. मी आणखी कळवळून सांगितलं असतं तर तिनं आणखी कापलं असतं. डॉक्टरीणबाई अजून तिथेच कागदावर काही लिहीत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"माझी मुलगी आहे. तुम्ही सांगता का? माझं तिला खरं वाटायचं नाही."

फोन घेऊन त्या हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलल्या. "फार तर चार तास," एवढं मला ऐकू आलं. फोन परत कानाला लावला तेव्हा मागचा गोंगाट बंद झाला होता. ती वर्गातून बाहेर आली असावी.

"बाबा," ती म्हणाली. आवाज लहानपणीचा झाला होता. "त्या चार म्हणतायत. डॉक्टर लोकही हातचं राखूनच सांगतात ना? म्हणजे खरे किती? तुम्हाला कळतं ना त्यातलं. सांगा ना, बाबा."

तिला माझ्याकडून वाढीव आकडा हवा होता. पहिल्यांदाच हवा होता, आणि द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

"नाही, बाळा," मी म्हणालो. "यात हातचं काहीच नाहीये. तू निघ."