हरणीच्या अंगात आलं तेव्हा

कुशाबाईंच्या गोठ्यापुढं चपलांचा खच पडला होता. भवानीनगरच्या अलीकडच्या त्या वस्तीवर एवढी माणसं एरवी लग्नकार्यालाच जमत. आज ती एका कुत्रीच्या दर्शनाला आली होती.

हरणी महिन्याभरापूर्वी व्यायली होती, सहा पिलांची आई. सकाळी ती चालताना अडखळली, मग थरथरायला लागली आणि आता पोत्यावर आडवी पडून झटके देत होती. पाय ताठ, तोंडातून लाळ, अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती वाळलेली; पिलं मात्र गुबगुबीत. झटक्यानं सुटली की पुन्हा जाऊन आचळांना चिकटत होती.

"आईचं वारं हाय ह्ये," कुणीतरी म्हणालं, आणि रावजी महाराजांना बोलावणं गेलं.

रावजी महाराज पूर्वी बारामती स्टँडवर हाका मारून वडापच्या जीपगाड्यांत प्रवासी भरायचे. धंदा बदलला तरी हाळी देण्याची ढब गेली नव्हती. "या, फुडं या! आई मुक्या जनावरात परगट झालीया! मागं ऱ्हाईल त्याचं दर्शन चुकंल!"

त्यांनी ताटलीत हळदीचं पाणी घेतलं. कमंडलूतलं 'तीर्थ' सगळ्यांना दाखवलं, पाण्यासारखं नितळ. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि धार सोडली. पिवळं पाणी बघता बघता रक्तासारखं लाल झालं.

बाया किंचाळल्या. कुशाबाईंनी पदर पसरला.

"आईनं कौल दिला! तीन दीस जनावराच्या पोटात अन्नाचा कण जाता कामा न्हाय. आन् पिलं अंगापासनं हलवायची न्हाईत. पान्हा आडवला, तर वस्तीवर कोप!"

भिंतीशी प्रियदर्शनी उभी होती. भवानीनगरात ती शाळेत विज्ञान शिकवायची. ताटलीतला रंग बदलला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. हळदीत चुन्याची निवळी पडली की ती लाल होते; हा प्रयोग तिनं वर्गात पोरांकडून करून घेतला होता.

ती बोलण्यासाठी पुढं झाली आणि थांबली. वस्तीवर बौद्धांचं घर तिचं एकटीचं. राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. 'ह्यांना देवधर्म नकोच असतो,' असं कुणी म्हटलं तर? ज्या कुशाबाई न मागता ताक पाठवतात, त्याच हात जोडून उभ्या होत्या. कुत्रीचे झटके थांबतील आपोआप, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि ती मागं सरकली.

आरती सुरू झाली. टाळ वाजत राहिले. हरणीला एक जोराचा झटका आला, ती पालथी झाली आणि तशीच कडक पडून राहिली. तिच्याखालून बारीक केकाटणं आलं. टाळांच्या आवाजात ते प्रियदर्शनीला ऐकू आलं, पण नीट कळलं नाही. आरती संपल्यावर कुशाबाईंनी हरणीला कलतं केलं, तर खालचं तांबूस पिलू हलत नव्हतं.

"आईनं पदरात घितलं त्याला," महाराज म्हणाले.

 प्रियदर्शनी गर्दीतून घुसली, उरलेली पिलं एकेक करून ओढणीत गोळा करू लागली.

"बाई, कोप हुईल!" महाराज ओरडले.

"होऊ दे. माझ्यावर होऊ दे." तिनं काटेवाडीच्या जनावरांच्या डॉक्टर फरहतना फोन लावला.

डॉक्टर स्कूटीवरून आल्या. हरणीच्या हिरड्या, डोळे पाहिले आणि विचारलं, "खायला काय देता?"

"भाकरीचं तुकडं," कुशाबाई म्हणाल्या. "आन् उरलंसुरलं."

डॉक्टरांनी पायाच्या शिरेत सुई घातली. छातीवर नळी ठेवून ठोके ऐकत औषध अगदी सावकाश सोडलं. पाय सैल पडले. धाप मंदावली. थोड्या वेळानं हरणीनं मान उचलली आणि पिलांसाठी इकडंतिकडं पाहिलं.

"बघा, आईची किरपा झाली!" महाराजांनी हाळी दिली, आणि चार हात खरोखरच जोडले गेले.

प्रियदर्शनीनं शेजारच्या तात्यांकडून तंबाखूसाठीच्या चुन्याची डबी मागून घेतली. कुशाबाईंच्या घरातली हळद पाण्यात कालवली, त्यात बोटभर चुना टाकला. पाणी लाल झालं. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं.

"आई आली आणि गेली," ती म्हणाली. "महाराज, तुमचं तीर्थ तुम्हीच पिऊन दाखवता?"

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

डॉक्टरांनी समजावलं. पिलांसाठी दूध तयार होताना आईच्या रक्तातलं कॅल्शियम झपाट्यानं कमी होतं. खाणं अपुरं असलं की शरीर आकडतं. महिन्याच्या पिलांना दात येतात. त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ पेज, उकडलेलं अंडं सुरू करायचं, हळूहळू आईपासून तोडायचं. "हिला मात्र आता अजिबात पाजू द्यायचं नाही. पिलं वेगळी ठेवा. आचळं गरम किंवा घट्ट लागली तर लगेच कळवा. आणि हिला पोटभर, सकस खायला घाला. उपास धरला असता तर हरणी गेलीच होती."

कुशाबाई मेलेलं पिलू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "म्हंजी माज्याच हातनं झालं ह्ये?"

"नाही, मावशी. तुम्हाला माहीत नव्हतं," प्रियदर्शनी म्हणाली. "हळदीचं मला माहीत होतं. पहिल्याच धारेला."

कुशाबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ते तिला जास्त लागलं. "मंग बोलायचं न्हाय व्हय, बाई?"

 प्रियदर्शनी चपला शोधणाऱ्या माणसांकडं वळली.

"चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, हे झालं कसं? जनावर असो की माणूस, थरथरायला लागलं तर डॉक्टरला बोलवा. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यानं कुणाच्या रागालोभाला भिऊन माझ्यासारखं गप्प बसू नये. मी गप्प बसले, तेवढ्यात एक जीव गेला."

 तात्यांनी गोठ्यामागं खड्डा खणायला फावडं घेतलं. कुशाबाई उठल्या, पिलू तात्यांच्या हाती दिलं आणि प्रियदर्शनीला म्हणाल्या, "पाच हायती अजून. पेज पातळ किती करायची, त्ये दाव चल."