नायकाची खुंटी

"पगडी झटकून राह्यले का सारा तांडा जागा करून राह्यले?" धनीबाईनं चुलीपासूनच विचारलं.

किसनसिंग नायकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दारामागच्या खुंटीवर नायकपणाची ही पगडी पणज्याच्या काळापासून टांगली जात होती. आज संध्याकाळी तांड्याचा नसाब, म्हणजे पंचायत, बसणार होता. तिथं ती मुलाच्या, शामच्या डोक्यावर ठेवायची आणि आपण मोकळं व्हायचं, असं नायकानं ठरवलं होतं. शाम पांढरकवड्याहून ट्रक घेऊन निघालाही होता. पगडी घरातच राहणार म्हणून नायक नुसता खुशीत होता.

त्याआधी मात्र शाळा. सव्वीस नोव्हेंबर, संविधान दिन. पहिल्या खुर्चीचा मान दरवर्षी नायकाचा. मुलांच्या मागून तोही खड्या आवाजात उद्देशिका म्हणायचा आणि शेवटच्या 'स्वतःप्रत अर्पण'पाशी त्याची गाडी हमखास अडायची. यंदा त्यानं संगीता मॅडमना विचारूनच टाकलं.

"मॅडम, अर्पण तं देवाले करतेत. हे सोताले कसं?"

"कोण्या राजानं दिलं नाही ना, नायक! देशभरातली माणसं दिल्लीत बसली. जवळपास तीन वर्षं एकेका कलमावर भांडली, दुरुस्त्या सुचवल्या. बायाही होत्या त्यात. मग आजच्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते स्वीकारलं."

"तीन वर्सं!" नायक खो खो हसला. "आमचा नसाब एका चिलमीत उरकते."

"तुमच्याकडं 'नाही' कोण म्हणतं?" मॅडमनी हसतच विचारलं.

नायकानं आठवून पाहिलं. कोणीच नाही. कोणाला कधी विचारलंच नव्हतं. घरी येता येता त्याच्या डोक्यात एक झकास कल्पना आली. आपण विचारलं आणि साऱ्या तांड्यानं हो म्हटलं, तर शामची शान केवढी वाढेल! विचारण्यात आपलं जातंय काय?

संध्याकाळी लिंबाखाली पुरुष बसले, ट्रक लावून शामही येऊन बसला. बाया नेहमीसारख्या मागं, भिंतीच्या कडेला. नायक उभा राहिला.

"पगडी शामले देतो म्हणून राह्यलो. पण यंदा इचारतो. बायाईलेबी. ज्याले नामंजूर असन त्यानं हात वर करा."

बाबूसिंग कारभाऱ्यानं नायकाला ताप तर नाही ना, अशा नजरेनं पाहिलं. एकही हात वर झाला नाही. नायकानं समाधानानं पगडी उतरवली, तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. घुंगटाआडचा चेहरा दिसत नव्हता, पण तो हात नायकाच्या ओळखीचा होता. आयुष्यभर त्यानं त्याच हातची भाकर खाल्ली होती.

"मले नाई मंजूर," धनीबाई म्हणाली.

"आपल्याच पोराले?"

"माह्यं पोरगं हाय म्हणूनच सांगतो. तो राह्यते पांढरकवड्याले. रुपीबाईच्या घरी साप निघाला तं नायक कुठं असन? हैदराबादच्या रोडवर! नायक तांड्यात झोपणारा पायजे."

नायकाचं तोंड उघडंच राहिलं. इतरांचीही उघडली, पण ती बोलण्यासाठी. रुपीबाई बोलली, खेमसिंग तिच्यावर ओरडला, तिनं त्याला दुप्पट ऐकवलं. चिलमीवर चिलमी विझल्या, दोनदा चहा झाला. शेवटी बाबूसिंगच्या नावानं हात वर झाले. त्यात शामचाही होता.

"बा, राग नोको मानू," तो हळूच म्हणाला, "मले ट्रक सोडा लागला असता."

नायकानं स्वतःच्या हातानं पगडी बाबूसिंगच्या डोक्यावर ठेवली. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण त्याच्या कारकिर्दीत तांड्यात पहिल्यांदा कोणी 'नाही' म्हणालं होतं आणि ते त्याच्या घरचं माणूस होतं, याचा त्याला अभिमानही वाटत होता. तो काही केल्या लपत नव्हता.

सकाळी उठल्या उठल्या सवयीनं त्याचा हात खुंटीकडे गेला. तिथं कापूस वेचायच्या दोन ओट्या लटकत होत्या.

"हे काय?"

"खुंटी रिकामी कायले ठेवाची?" धनीबाई भाकरी बांधत म्हणाली. "एक तुमची हाय. चाला, वेचाले माणूस कमी पडून राह्यलं."

किसनसिंगनं उघड्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ओटी कमरेला बांधली आणि तिच्या मागोमाग वावराकडे निघाला.