पेनाच्या खिशातून आत

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना मला जरा संकोच वाटतो. मी एक व्हेप आहे, म्हणजे सिगारेटऐवजी ओढायचे, विजेवर चालणारे नळकांडे. वय म्हणाल तर फार नाही, पण वापरून बाजूला पडलेल्या वस्तूला जुनीच म्हणायचे. छत्री, घड्याळ, शाळेची घंटा यांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. त्यांनी कुणाचे ना कुणाचे भले केले. मी केले का? मला खात्री नाही. म्हणून माझी कहाणी मुलांना सांगावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटले, आपण एवढे घाबरलो ते का, निदान तेवढे तरी सांगावे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात एक बॅटरी बसवली आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक तारेचे वेटोळे ठेवले. बटण दाबले की ती तार तापून लाल होते आणि निकोटीनच्या पाण्याची वाफ करते. पहिल्यांदा माझे बटण दाबले तेव्हा मी दचकलो. आपल्या आत विस्तव आहे, आणि तो पेटवणे किंवा विझवणे आपल्या हातात नाही, हे मला त्याच दिवशी कळले. ती भीती पुढे कधी गेली नाही.

तिथून मी कुवेतला आलो, फहाहीलमधल्या एका छोट्या दुकानात. दुकान हफिजा नावाची बाई चालवत असे. डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी तिथे जयप्रकाश आले. ते मूळचे नाशिकचे. शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सतरा वर्षे इंजिनिअर होते आणि त्याहून जास्त वर्षे सिगारेट ओढत होते. खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी दम भरला होता. त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. कागदावर रकाने आखून प्रश्न लिहिलेले होते.

"बैटरी का सर्टिफिकेट है?" त्यांनी विचारले.

हफिजा हसली. "साब, व्हेप ले रहे हो या बॉयलर?"

"पच्चीस साल सिगरेट पी है. अब जो लूँगा, सोच के लूँगा."

"सोच के तो छोड़ते हैं, साब. लेते तो सब बिना सोचे हैं."

आपल्याच दुकानात असे बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण जयप्रकाश कागदात गढले होते. आंब्याच्या आणि टरबुजाच्या वासाचे रंगीत, फेकून द्यायचे व्हेप त्यांनी बाजूला सारले. मला त्यांनी कागदी रुमालावर उलटे धरले आणि पाच मिनिटे गळतो का ते पाहिले. बटण दाबून पाहिले. ते कडक होते, हे त्यांना आवडले. फार वेळ दाबून ठेवले तर मी आपोआप बंद पडतो का, तार बदलून मिळते का, सगळे विचारून झाले. शेवटी त्यांनी मला शर्टाच्या खिशाला लावून पाहिले. मी बारीक, काळा, वर क्लिप असलेला. "अगदी पेनासारखा बसतो," ते खुशीत म्हणाले.

"लॉक करके रखना," हफिजा म्हणाली. "पाँच बार जल्दी-जल्दी दबाओ, बंद. भूलना मत."

ते हो म्हणाले.

मंगफमधल्या घरी त्यांची पत्नी उल्काताई जेवणाचे ताट मांडत होत्या. त्यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"एक सवत गेली, दुसरी आली."

"अगं, ही चांगल्या दर्जाची आहे. नीट पारखून घेतलीये."

"सवत काय हलक्या दर्जाची बघून आणतात होय?"

त्यांची मुलगी ज्ञानदा बारावीला होती. पुस्तकातून डोके वर न काढता ती म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट क्विटिंग. दॅट्स अपग्रेडिंग."

जयप्रकाश हसले, पण सिगारेटचे पाकीट आणि लायटर त्यांनी खरोखरच कचऱ्यात टाकले. खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला अभिमान वाटला. पुढचे दोन दिवस मात्र मी मोजत होतो. सिगारेट ओढायला ते खाली जात असत, तेवढे तरी अंतर होते. मी खिशातच होतो. गॅलरीत, गाडीत, न्हाणीघरात, हात सारखा माझ्याकडेच यायचा. खोकला किंचित कमी झाला. सवय तसूभरही कमी झाली नाही.

मग रविवार उजाडला. कुवेतमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो.

मित्रांनो, त्या कारखान्याबद्दल तुम्हाला सांगायला हवे. तिथे मैलोनमैल नळ आहेत आणि त्यांतून पेट घेणारा वायू वाहतो. कुठे गळती झालेली असेल आणि तिथे एवढीशी ठिणगी पडली, तरी माणसांची राख होईल. म्हणून फाटकावर प्रत्येकाने आगपेटी, लायटर आणि मोबाईल खणात ठेवायचे आणि मगच आत जायचे. जो असे काही आत नेईल, त्याची नोकरी जाते. परक्या देशात नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही जातो. मग घरदार आवरून परतायचे. ज्ञानदाच्या बोर्डाच्या परीक्षेला दोन महिने उरले होते.

त्या सकाळी कारखान्याबाहेर गाडी लावून जयप्रकाशांनी दोन झुरके घेतले आणि मला अंगावरच्या निळ्या डांगरीच्या पेनाच्या खिशात अडकवले. पाच वेळा बटण दाबायचे राहिले. फाटकावर मोबाईल खणात गेला. सतरा वर्षांच्या सवयीने हात लायटरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"सर, लाइटर?" नेपाळी रखवालदाराने विचारले.

जयप्रकाशांनी दोन्ही तळहात उघडून दाखवले. "छोड़ दी!"

"शाबाश, सर!" रखवालदार खुर्चीतून उठला आणि त्याने त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. मी दोन पेनांच्या मध्ये होतो. त्याच्या नाकासमोरून मी आत गेलो.

जयप्रकाशांना मी आठवलो नाही. फाटकावर लायटर काढून द्यायची सवय त्यांच्या हाताला होती, मला काढून द्यायची नव्हती. मी मात्र सगळे पाहत होतो. डोक्यावर नळांचे जाळे होते. जागोजागी पेटत्या काडीवर फुली मारलेल्या पाट्या होत्या. ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो.

दहाच्या सुमारास ते एका कॉम्प्रेसरपाशी गेले. सोबत राजाभाऊ होते. राजाभाऊ सिन्नरचे, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, वयाने सात-आठ वर्षांनी मोठे. जवळच वीसेक कामगार परांची बांधत होते.

"काय रे, आज खिशाशी चाळा नाही? सोडलीस म्हणे," राजाभाऊ म्हणाले.

"तिसरा दिवस."

"तुझ्या लग्नातही तू एवढा खूश दिसत नव्हतास."

तेवढ्यात माझ्या शेजारून पीक असा आवाज आला. जयप्रकाशांच्या छातीवर एक पिवळी डबी लावलेली होती. हवेत पेट घेणारा वायू आला की ती ओरडते. पुन्हा पीक झाले. जयप्रकाश वाकून यंत्राखाली पाहू लागले. वाकताना कठड्याची लोखंडी नळी खिशावर दाबली गेली. पेन माझ्या बटणावर आले आणि बटण आत जाऊ लागले.

मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मला नीट जमणार नाही. बटण अर्धे आत गेले. तार अजून थंड होती. बाहेर वायू होता, तो दिसत नव्हता, पण पिवळी डबी आता न थांबता ओरडत होती. परांचीवरून कुणीतरी गाणे गुणगुणत होते. सूतभर अंतर उरले होते. बटण कडक होते म्हणून ते तिथेच अडले, असे कुणी म्हणेल. म्हणोत. ते सूतभर अंतर मी पाहिले आहे. त्याला मी दर्जा म्हणणार नाही.

जयप्रकाश ताठ झाले. डबी पाहायला त्यांचा हात छातीकडे गेला आणि बोटे मला लागली. ती जागच्या जागी थिजली. कापडातून मला त्यांच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते.

"राजाभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "सगळ्यांना मागे घ्या. वारा येतोय त्या बाजूला. आत्ताच."

राजाभाऊंनी शिट्टी फुंकली आणि वायरलेसवर नियंत्रण कक्षाला खबर दिली. माणसे परांचीवरून भराभर उतरली. जयप्रकाश दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालत होते, जणू उतू चाललेले भांडे नेत होते. वीस मिनिटांत झडपा बंद होऊन गळती थांबली. कुणालाही ओरखडा उठला नाही.

मोकळ्या मैदानात सगळे जमले तेव्हा राजाभाऊंनी त्यांना बाजूला घेतले. "चेहरा पांढरा पडलाय तुझा. वायू लागला का?"

"माझ्या खिशात बघा. हात लावू नका, नुसतं बघा."

राजाभाऊंनी पाहिले. "हे काय आहे?"

"व्हेप."

"बॅटरीवरचा?"

"हो."

"चालू?"

"लॉक करायचा राहिला."

राजाभाऊ रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. मग दातओठ खात म्हणाले, "गाढवा! वीस माणसं होती तिथे. मी होतो!" मग त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग ऐक. आत्ता बाहेर जा, गाडीत टाक, घरी जाताना समुद्रात फेक. मी काही बघितलं नाही. पोरीची बारावी आहे तुझ्या."

माझ्यासाठी ही सुटका होती. जयप्रकाशांसाठीही होती. एकदा ते फाटकाकडे चार पावले चाललेही. मग थांबले.

"राजाभाऊ, मी फाटकावर दोन्ही हात उघडून दाखवले. त्यानं मला शाबासकी दिली हो."

"मग?"

"उद्याही तो कुणाला तरी देईल. फाटकावरच्या पाटीवर लायटर आहे, मोबाईल आहे. हे नाही. माझ्या नावावर नोंद करा, फॉर्म काढा."

"तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"नाही कळत. भीती वाटतेय. म्हणून लवकर काढा."

फॉर्म राजाभाऊंनीच लिहायला घेतला.

"नाव?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"विचारावं लागतं," राजाभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बॅटरी वेगळी काढून राजाभाऊंच्या कपाटात ठेवले. अकरा दिवस चौकशी चालली. त्या काळात मला फक्त आवाज ऐकू येत. कुणी म्हणे, नियम म्हणजे नियम, काढून टाका. कुणी म्हणे, स्वतः सांगितले नसते तर तुम्हाला कळले असते का? घरी उल्काताईंनी बॅगा भरायला घेतल्याचे राजाभाऊ कुणाला तरी सांगत होते. ज्ञानदा म्हणे एकच वाक्य बोलली होती, "बाबा, तुम्ही सांगितलंत ना? मग झालं." एरवी घरात इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी तेव्हा मराठीत बोलली.

बाराव्या दिवशी दुपारी राजाभाऊंनी फोन लावला. "वहिनी, बॅगा उघडा. महिनाभर कामावर घेणार नाहीत आणि ही शेवटची ताकीद आहे. पण नोकरी राहिली."

मला वाटले, आता माझी गोष्ट संपली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एका पारदर्शक डबीत घालून फाटकावरच्या पाटीखाली ठोकले. पहिल्या पाळीची रांग लागली होती. पाच-सहाशे माणसे असतील. राजाभाऊ खुर्चीवर चढले.

"इसको देखो. ये पेन नहीं है. पेन के साथ अंदर गया था. जिसके पास ऐसा कुछ हो, आज इस ट्रे में रख दे. नाम नहीं पूछूँगा."

कुणी हलले नाही. मग मधला एक रंगारी रांगेतून बाहेर आला, मान खाली घालून त्याने डांगरीच्या खिशातून एक निळे नळकांडे काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. त्याच्यामागून क्रेनवाला आला. मग हातात हेल्मेट घेतलेला एक तरुण इंजिनिअर आला. एकाने मोज्यातून काढले. एकाचे गुलाबी होते, खाऊच्या गोळीसारखे. ट्रे भरला तेव्हा रखवालदाराने दुसरा आणला.

सतरा. राजाभाऊ खुर्चीवरून उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, मी खरा घाबरलो तो तेव्हा. इतके दिवस मला वाटत होते की चूक एकट्या जयप्रकाशांची, आणि आत गेलेला मी एकटाच. रोज सकाळी सतरा विस्तव त्या फाटकातून आत जात होते आणि कुणालाही माहीत नव्हते.

वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायची रीत आहे. मला तसे म्हणवत नाही. उद्या कुणी माझ्यासारखा पुढे करून 'हा चांगल्या दर्जाचा आहे' म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा की मुळात तो हवा कशाला. जयप्रकाश आता डॉक्टरांकडे जातात, काही ओढत नाहीत, असे मी ऐकतो. खरे-खोटे मला ठाऊक नाही, पण ऐकायला बरे वाटते. आणि तुमच्या हातून कधी चूक झाली, ती कुणी पाहिली नसली, पाय लटपटत असले, तरी ती बोलून दाखवा. घाबरलेला माणूसही खरे बोलू शकतो. मी त्याच्या खिशात होतो, म्हणून सांगतो.