पडद्याआडची देवमाशीण

माझी पणजी खोलबुडी. तिची लेक, म्हणजे माझी आजी, शांतशेपटी. आजीची लेक माझी आई. तिच्या गालावर पांढरा चट्टा होता म्हणून ती चट्टेवाली. आणि चट्टेवालीची थोरली लेक मी. आमच्या कुळात थोरपण बायकांकडे असते. आजी वळेल तिकडे सारे गोत वळते आणि कोणी 'का' म्हणून विचारत नाही. मी एक जुनी देवमाशीण आहे. इथे येणारे लोक मला 'तो' म्हणतात. मी ते ऐकते आणि सोडून देते, कारण याहून मोठे अपमान मी पचवलेले आहेत.

आता माझी फक्त हाडे उरली आहेत. ती लोखंडी सळ्यांवर ओवून एका संग्रहालयाच्या दालनात छताला टांगली आहेत. मित्रांनो, पाठ ताठ करून बसा. मी सांगणार आहे ते गोड नाही.

आम्ही पोटासाठी फार खोल बुडी मारतो. लहान पिलांना तेवढा दम धरता येत नाही. म्हणून आई खाली गेली की पिलापाशी आजीने थांबायचे, अशी आमची रीत. माझ्या लेकीची लेक जेमतेम काही आठवड्यांची होती. लेक बुडी मारून खाली गेली, मी नातीपाशी राहिले. नात अवखळ. लाटांशी खेळत ती उथळ पाण्याकडे गेली. मी हाक मारली, तिने ऐकली नाही. आजीने मागे जायचे नाही तर कोणी जायचे? मी गेले, आणि ओहोटीने आम्हा दोघींना वाळूवर टाकले.

पाण्याबाहेर आमचेच वजन आम्हाला चिरडते. त्यात डोक्यावर ऊन. तेव्हा किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या घरांतून बाया धावत आल्या. त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी पाण्यात भिजवून माझ्या पाठीवर घातल्या. पुरुषांनी माझ्या नातीखाली जाळे सरकवले. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी तिच्या डोक्यापाशी बसली आणि तिच्या डोळ्यात वाळू जाऊ नये म्हणून तिने दोन्ही तळहातांनी तो डोळा झाकून धरला. पाणी चढू लागताच दोन होड्यांनी जाळे ओढले. ती मुलगी गळ्यापर्यंतच्या पाण्यात शिरली तरी तिने हात काढला नाही. नात तरंगली. दूरवरून माझ्या लेकीची हाक आली आणि नात त्या हाकेकडे निघून गेली. माझे ओझे मात्र कोणत्याच होडीला झेपणारे नव्हते. मी तिथेच डोळे मिटले. जाताना माझ्या जिवाला एकच बोचणी होती: डोळा झाकणाऱ्या त्या मुलीच्या घराचे देणे माझ्यावर राहिले.

पुढे माझी हाडे वाळूत पुरली, नंतर उकरली. किनाऱ्यावरच्या त्याच बायांनी ती धुण्याच्या सोड्याने घासून पांढरीफटक केली. त्या वेळच्या संग्रहपालाने मला टांगले आणि त्या बायांना सांगितले, "ही तुमच्या हातची आहे. तुम्हाला या दारात कोणी अडवणार नाही." तो भला माणूस होता. त्याच्या हयातीत दार उघडे होते. मुले माझ्या फासळ्यांखाली पळत, बाया पाठीचे मणके एकमेकींना दाखवत, आणि माझे कौतुक करून करून त्यांचे घसे कोरडे पडत.

मग तिकीट आले. आधी बारीकसे, मग बरेच, मग असे की मोलमजुरीच्या माणसाने घरातली तोंडे मोजावीत आणि परत फिरावे. दाराशी पितळी पाटी लागली. तिच्यावर माझ्या लोखंडी सळ्यांचे पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव आहे. चादरींचा उल्लेख नाही.

तरीही मी तोल सोडला नव्हता, कारण माझ्या दालनाला रस्त्याच्या बाजूने उंच काचेच्या खिडक्या होत्या. ज्यांना आत येणे परवडत नसे ते पदपथावर उभे राहून मला पाहत. मासळीबाजारातून परतणारे बाप पोरांना खांद्यावर घेत. काचेला नाके चिकटत, बोटांचे ठसे उमटत. मला आतल्या मखमली दोरीपलीकडच्या पाहुण्यांपेक्षा ती चपटी झालेली नाके अधिक आवडत.

त्यांत माझ्या नातीचा डोळा झाकणारी ती मुलगीही असे. आता ती म्हातारी झाली होती, बंदरावर जाळी विणून पोट भरत होती आणि सगळे तिला जाळीवाली म्हणत. तिचा मुलगा महिनोन्‌महिने बोटीवर, सून बर्फाच्या कारखान्यात. तीन नातवंडे तिच्याच अंगाखांद्यावर. त्यांतल्या थोरलीलाच तिने आजवर माझ्या खिडकीपाशी आणले होते.

नवे संचालक आले. इस्त्री कडक, आवाज मऊ. त्यांना खिडक्या खुपल्या. "जे रस्त्यावरून फुकट दिसतं, त्यासाठी आत कोण पैसे देईल?" असे म्हणून त्यांनी जाड मखमली पडदे शिवून घेतले. पोरे वरच्या झरोक्यांतून डोकावू लागली, तर झरोकेही बंद. मला जिवंतपणी वाळूने मारले होते, तेव्हा एवढी किळस आली नव्हती. वाळूला कळत नाही. यांना कळते.

पडदे लागल्यावर थोड्याच दिवसांत जाळीवाली तीन नातवंडांना घेऊन दारात आली. थोरली नात पुढे, धाकटा तिच्या बोटाला, आणि मधला मागे, तोंड फुगवून. तिकीटखिडकी दालनाच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येतो.

"आजी थापा मारते," मधला बहिणीला म्हणत होता. "म्हणे देवमाशाच्या पिलाचा डोळा झाकला. शाळेत सांगितलं तर सगळे हसले मला. एवढा मासा नसतोच."

"असतो," धाकटा म्हणाला. "ताईने खिडकीतून पाहिलाय."

"तू पाहिलास? मी पाहिला? मग गप्प बस."

जाळीवालीने ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले. तिकिटे देणारी मुलगी तरुण होती, स्वभावाने वाईट नव्हती. जाळीवाली तिला म्हणाली, "पोरी, कुटुंबाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणतात. ते एक दे."

"कुटुंब म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान, आजी. तुम्ही एक मोठ्या आणि तीन लहान."

"मग या धाकट्याला मोठा धर. जेवतो तर बापाच्या वरताण."

मुलगी हसली. "मी धरीन हो, पण संगणक धरत नाही. यांचे आईबाबा?"

"बाप समुद्रावर, आई कामावर. म्हणून तर आजी आहे."

"मग सवलतीत बसतंय का बघू. उत्पन्नाचा दाखला आणावा लागेल."

"म्हणजे मी गरीब आहे असं कोणाकडून तरी लिहून आणू, आणि ते या पोरांसमोर तुला वाचायला देऊ?" जाळीवाली आवाज न चढवता म्हणाली. "तुझे साहेब श्रीमंत असल्याचा दाखला गळ्यात घालून येतात का गं?"

"आजी, मला नोकरी टिकवायची आहे."

"टिकव बाई. तुझ्यावर राग नाही."

ती वळली. मधला हळूच म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि जाळीवालीची ताठ मान मी पहिल्यांदा वाकलेली पाहिली. पैशांपायी नव्हे. तिचा शब्द तिच्याच नातवापुढे खोटा पडला होता, आणि तो खरा करणारी एकटी साक्षीदार मी, पडद्याआड लटकत होते.

आजी आणि तीन नातवंडे म्हणजे कुटुंब नाही! मित्रांनो, आमच्या समुद्रात हे वाक्य कोणी उच्चारले असते तर त्याला गोताबाहेर काढले असते.

याहून शिसारी आणणारा प्रकार पुढे घडला. तिकिटाबद्दल लोकांचे मत अजमावायचे ठरले. दोन उत्साही मुली हातात यंत्रे घेऊन उभ्या राहिल्या. कुठे? माझ्या फासळ्यांखाली, तिकीट काढून आत आलेल्यांपाशी. "प्रवेशशुल्क आपल्याला कसं वाटतं?" एका बाई म्हणाल्या, "वाजवी आहे. गर्दीही होत नाही, ते बरं." एक गृहस्थ बायकोच्या कानात पुटपुटले, "एवढे मोजून आत आलोय, आता महाग म्हटलं तर आपणच वेडे ठरू," आणि मोठ्याने म्हणाले, "योग्य आहे, योग्य."

तिकीटवाल्या मुलीने एकदा धीर करून विचारले, "साहेब, जे दारातून परत जातात त्यांनाही विचारायचं का?"

"ते अभ्यागत नाहीत," संचालक म्हणाले. "आपण अभ्यागतांचं मत घेतोय."

उपाशी माणसाला बाहेर ठेवून पंगतीत विचारायचे की पोट भरले का. यालाच ते जनमत म्हणत होते.

निष्कर्ष जाहीर करायला समारंभ ठरला, माझ्याच पोटाखाली. उन्हाळा ऐन भरात होता. पडदे ओढलेले, झरोके बंद, दालनाची भट्टी झाली होती. आता आमच्या हाडांची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. त्यांत तेल मुरलेले असते आणि ते वर्षानुवर्षे संपत नाही. वारा खेळता असला तर ते निमूट राहते. कोंडले की पाझरते, आणि पाझरले की त्याचा वास कोणाची भीड ठेवत नाही. झाडूवाल्याने आठवडाभर आधीपासून फरशीवरचे डाग पुसत सांगितले होते, "साहेब, वरून काहीतरी गळतंय, झरोके उघडू या." त्याला सांगण्यात आले, झाडू मार.

पाहुणे अत्तरे लावून आले. संचालक उभे राहिले. "दहापैकी नऊ जणांना आपले दर वाजवी वाटतात. तेव्हा दरवाढीस लोकांची संमतीच आहे, असं मी..."

माझ्या जबड्यातून एक जाड, पिवळा थेंब सुटला आणि त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर पडला. मग दुसरा, प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर. मग माझ्या पाठीच्या कण्याला जणू घाम फुटला. कुजक्या, खवट तेलाचा दर्प अत्तरावर चढून बसला. रुमाल निघाले, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी ओकारी दाबली. मला मुळीच लाज वाटली नाही. त्या दालनात आधीपासून घाण होती. आता ती नाकांना कळली, इतकेच.

"उघडा, सगळं उघडा," संचालक नाक धरून म्हणाले. झाडूवाल्याने पडदे असे ओढले की कड्यांसकट खाली आले. झरोके उघडले, खिडक्या उघडल्या, दोन्ही दारे सताड उघडली. पाहुणे पदपथावर जाऊन उभे राहिले आणि काचेतून आत पाहू लागले.

इथे मी क्षणभर थांबते, कारण तुम्हाला एक गोष्ट बजावायची आहे. उद्या तुमच्याही हातात एखाद्या दाराच्या किल्ल्या येतील. आतल्यांचे कौतुक ऐकून फुगू नका. बाहेर जाऊन, परत फिरलेल्या माणसाला थांबवून विचारा की तो का फिरला. आणि जुन्या वस्तूंची निगा राखा म्हणून सगळे सांगतात, मीही सांगते. पण ज्या हातांनी त्या वस्तू राखल्या, त्यांना दाराबाहेर ठेवून वस्तूंवर फुंकर घालाल तर ती निगा नव्हे, चोरी आहे. आजही इथे तिकीट आहे आणि मला त्याचा वीट आहे. खिडक्यांना पडदा मात्र पुन्हा लागलेला नाही. माझ्या हाडांना वारा लागतो, हे संचालकांना त्यांच्या कॉलरने शिकवले.

त्या संध्याकाळी जाळीवाली बाजारातून घरी निघाली होती, तीनही नातवंडांसह. उघडे दार पाहून ती थांबली. तिकीटवाली मुलगी तोंडाला ओढणी लावून पायरीवर उभी होती.

"आजी, आत फार वास आहे हो."

"वासावरच आमचं घर चालतं, पोरी."

मुलीने साहेबांकडे पाहिले, ते लांबवर कॉलर पुसत होते. ती बाजूला सरली. तिने तिकीट मागितले नाही आणि जाळीवालीने दाखला दिला नाही.

चौघे माझ्या खाली येऊन उभे राहिले. धाकट्याची मान मागे मागे गेली, इतकी की बहिणीने त्याला पाठीला हात देऊन सावरले. मधला शेपटीपासून डोक्यापर्यंत चालत आला आणि माझ्या डोळ्याच्या खोबणीखाली थांबला.

"आजी," तो म्हणाला, "पिलाचा डोळा झाकलास तेव्हा त्याने काय केलं?"

"मिटला, उघडला. पापणी तळहाताला लागत होती."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण त्याची आजी माझ्याकडे बघत होती. हात कसा काढणार?"

मधल्याने वर पाहिले, मग तिच्याकडे. तिच्या हातातली जाळ्याची जड पिशवी त्याने काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "उद्या शाळेत मी पुन्हा सांगणार आहे. हसू देत."

जाळीवालीची मान ताठ झाली. तिने माझी नात तिच्या आईच्या हाकेपर्यंत पोहोचवली होती. मी तिचा नातू तिच्या शब्दापर्यंत आणून सोडला. नातीच्या बदल्यात नातू. देणे फिटले, पुरतेपणी फिटले.