काळी पडलेली बटणं

रुनोल्फुरला वास येत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. फ्लूच्या साथीतून तो वाचला, पण त्याचं नाक गेलं ते गेलंच. एखाद्या सुताराचं असं झालं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण माझा नवरा स्केइदारा नदीचा वाटाड्या, टपाल आणि माणसं घोड्यावरून पार नेणारा. वर हिमनदीच्या पोटातलं पाणी फुटायचं असलं की आधी नदीला गंधकाचा वास सुटतो. म्हणून दर खेपेला मी गुपचूप काठावर जायची, वास घ्यायची आणि दारात येऊन मानेनंच हो-नाही सांगायची. नाव मात्र त्याचं!

त्या सोमवारी मला सर्दी झाली होती. डोकं जड, नाक चोंदलेलं. टपालवाला ओर्मुर अंगणात घाई करत होता आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल. दोनदा काठावर जाऊन आले. तिसऱ्यांदा ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, तरी काही कळेना. उठताना पोलक्याच्या चांदीच्या बटणांकडे लक्ष गेलं. कालच चर्चला जाताना लख्ख घासली होती. आता ती काळी पडली होती. नदीच्या त्या वासानं चांदी काळवंडते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं.

मी धावत सुटले. दोघं निघालेच होते. मी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"तुला सर्दी झालीय, गुदलौग," रुनोल्फुर दबक्या आवाजात म्हणाला. "उगाच घाबरतेस."

"बटणं बघ माझी!"

"बायकांची बटणं बघत बसलो तर टपाल नाताळात पोचेल," ओर्मुर खिदळला. "काय रे, तुझं नाक काय म्हणतं?"

रुनोल्फुरनं ऐटीत श्वास घेतला. "काही नाही. चल."

असा संताप आला मला! त्याच्या घोड्याचा लगाम धरून मी ओरडले, "त्याला वास येत नाही, ओर्मुर! फ्लूपासून कसलाच येत नाही!"

ओर्मुरचं हसू मावळलं. तो घोड्यावरून खाली उतरला.

"नाक कापलंस माझं," रुनोल्फुर म्हणाला आणि घोडा बांधून आत गेला.

दुपारी नदी आली. घराएवढे बर्फाचे तुकडे लोळत आले, तारेचे खांब मोडून वाहून गेले, आमचं खालचं गवताचं रान राखाडी वाळूखाली गाडलं गेलं. दोघं तेव्हा बरोबर मधोमध असते.

शेजारी टेकाडावर जमले. "रुनोल्फुर, तू गेला नाहीस ते बरं झालं," कोणीतरी म्हणालं.

"त्याला सकाळीच वास आला होता," ओर्मुर पटकन म्हणाला. देव त्याचं भलं करो.

रुनोल्फुर पुढे झाला.

"नाही आला," तो म्हणाला. "मला वास येतच नाही. यापुढे गुदलौगला विचारा. मीही तिलाच विचारतो."

सगळे माझ्याकडे वळले. मी बोलायला तोंड उघडलं आणि शिंकले.