पांढऱ्यातली चौकट

"चाचा, इथं हा डाग काऊन काढला तुम्ही?" अनुपमा मॅडमनी विचारलं.

"फोटोत हाये म्हून काढला," स्टुलावर बसलेले फकीर मोहम्मद म्हणाले.

शेगाव-खामगावच्या लॉजांच्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मोताळ्याच्या शाळेत विज्ञानाच्या या मॅडमनी भिंतीवर प्लूटो काढायला सांगितला, तेव्हा "थो खायाचा का लावायाचा?" असं विचारून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. आता मात्र त्यांचा जीव जडला होता त्याच्यावर. एवढासा गोळा, पण त्याच्या तऱ्हा किती! दगडासारख्या बर्फाचे डोंगर, तांबूस-काळा पट्टा, आणि मधल्या बदामासारख्या आकाराच्या डाव्या अंगाला गोठलेल्या नायट्रोजनचं सपाट पांढरं मैदान.

फोटोवर पेन्सिलीच्या चौकटी, भिंतीवर खडूच्या. डावा डोळा मिटायचा, एक चौकट बघायची, तेवढीच उतरवायची. या रीतीनं त्यांची एकही पाटी चुकली नव्हती, आणि याचा त्यांना चांगलाच गर्व होता. काळा पट्टा आणि डोंगर झाले होते. पांढऱ्यातली ही पहिलीच चौकट.

मॅडमनी फोटो पुढे धरला. "दाखवा बरं."

डावा डोळा मिटून त्यांनी बोट ठेवलं. "हा काय."

"आता बाजूच्या चौकटीत पहा."

डाग तिथेही होता. त्याच्या पुढच्या चौकटीतही. डोळा तसाच मिटून त्यांनी मान वर केली, तर मॅडमच्या चेहऱ्यात नाकाच्या जागी नुसतं काळं होतं.

"हा तं माह्यासंगं फिरून राह्यला," ते हळूच म्हणाले. "सकाळी घरवालीले, राबियाले, बोललो मी. पोळी जाळली म्हून. तिनं गुपचूप दुसरी वाढली."

"उजवा मिटा. डाव्यानं पहा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "याच्यातबी हाये. तिळाएवढा."



"आत्ताच दवाखान्यात चला चाचा. भिंत राहू द्या."

"येतो. पण एवढं मैदान होऊ द्या. अर्धं सोडून गेलो अन् मंग दिसलंच नाही तं?" त्यांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. "तुम्ही फक्त काठ दाखवा."

मैदान संपून डोंगर सुरू होतात तिथे मॅडमनी बोट टेकवलं. ब्रश सावकाश, सरळ तिथवर आला आणि मॅडमचं नख पांढरं झालं.

"बोटाले लागला का रंग?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी बोट पुढे सरकवलं.